मुल्तातुली आणि लेबाकचे कागद

१८६० च्या मे महिन्यात ॲम्स्टरडॅममध्ये एक कादंबरी प्रसिद्ध झाली. नाव वाचून ते व्यापारविषयक पुस्तक वाटावे असेच होते : ‘माक्स हाव्हेलार, अथवा नेदरलँड व्यापारी मंडळीचे कॉफीचे लिलाव’. लेखकाच्या जागी ‘मुल्तातुली’ असा अपरिचित शब्द छापलेला होता. लॅटिनमध्ये ‘मुल्ता’ म्हणजे पुष्कळ आणि ‘तुली’ म्हणजे मी सोसले. हे टोपणनाव घेणारा एडुआर्ड डाउवेस डेकर (१८२०–१८८७) त्या वेळी चाळीस वर्षांचा होता. जावातील सरकारी नोकरी सोडून तो मायदेशी परतला होता आणि कर्जात बुडालेला होता. डच गद्याचा आधुनिक काळ पुष्कळ समीक्षक याच पुस्तकापासून मोजतात. २००२ मध्ये नेदरलँड्समधील जुन्या आणि मान्यवर वाङ्मय मंडळाच्या सभासदांनी डच भाषेतील सर्वांत महत्त्वाची साहित्यकृती म्हणून त्याचीच निवड केली. कादंबरीकार, निबंधकार आणि पत्रकार अशा तिन्ही नात्यांनी डेकरचा विचार करावा लागतो, आणि तिन्ही ठिकाणी त्याचे हत्यार एकच होते : जपून ठेवलेला, तारखेनिशी पुढे करता येईल असा कागद.

डेकरचा जन्म २ मार्च १८२० रोजी ॲम्स्टरडॅमच्या एका अरुंद बोळात झाला. वडील जहाजाचे कप्तान होते. घराणे मेनोनाइट पंथाचे, म्हणजे प्रौढ वयात स्वेच्छेने घेतलेल्या बाप्तिस्म्यालाच मान देणाऱ्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे होते. लॅटिन शाळेतील शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि काही काळ कापडाच्या पेढीत कारकुनी करावी लागली. १८३८ मध्ये वडिलांच्याच ‘डोरोथेया’ जहाजातून तो पूर्वेकडे निघाला आणि १८३९ च्या जानेवारीत बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, उतरला. पहिली नेमणूक मिळाली ती मुख्य हिशेब-तपासणी कचेरीत. दुसऱ्याचे हिशेब कसे वाचावेत हे तो तेथे शिकला. स्वतःचे हिशेब मात्र त्याला कधीच जमले नाहीत. १८४२ मध्ये सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील नाताल येथे त्याला नियंत्रक म्हणून पाठवण्यात आले. तेथे तिजोरीत तूट निघाली आणि प्रांताचे प्रमुख जनरल मिशिएल्स यांनी त्याला निलंबित केले. त्याने पैसे खाल्ले असे चरित्रकार मानत नाहीत. निष्काळजीपणा आणि सैल हात ही त्या तुटीची कारणे समजली जातात. हा सैल हात पुढे आयुष्यभर त्याला नडला.

त्याच्या पुस्तकाचे मर्म कळायचे तर जावातील त्या काळच्या राज्यव्यवहाराची ओळख करून घ्यावी लागते. १८३० मध्ये गव्हर्नर-जनरल योहानेस व्हान डेन बॉस यांनी तेथे ‘लागवड-पद्धती’ सुरू केली. प्रत्येक गावाने आपल्या जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा सरकारला हव्या त्या निर्यातयोग्य पिकाखाली आणावा, आणि त्या बदल्यात सारा माफ व्हावा, हे तिचे कागदावरचे रूप. ऊस, नीळ आणि कॉफी ही त्यातील प्रमुख पिके. कॉफीची तऱ्हा थोडी निराळी होती. ती बहुधा डोंगरउतारावरील पडीक जमिनीत लावून घेत, प्रत्येक कुटुंबाला ठरावीक झाडे राखावी लागत, आणि सरकार स्वतः ठरवलेल्या भावाने ती विकत घेई. व्यवहारात पाचव्या हिश्शाची मर्यादा अनेक ठिकाणी पाळली गेली नाही. पिकाच्या प्रमाणात डच अधिकारी आणि देशी सरदार या दोघांनाही टक्केवारी मिळत असे, त्यामुळे शेतकऱ्याची बाजू घेण्यात कोणाचाच लाभ नव्हता. भाताचे खाचर मागे पडले. १८४० च्या दशकात चिरेबोन, देमाक आणि ग्रोबोगान या भागांत दुष्काळाने माणसे मेली. माल वाहून नेणे आणि ॲम्स्टरडॅममध्ये त्याचा लिलाव करणे ही कामे नेदरलँड व्यापारी मंडळीकडे होती. हीच ती शीर्षकातली मंडळी.

खर्च वजा जाता वसाहतीकडून मायदेशाच्या तिजोरीत जाणाऱ्या रकमेला डच लोक ‘बातिख स्लॉट’ म्हणत. मराठीत आपण तिला ‘शिल्लक-लाभ’ म्हणू. १८३१ ते १८७७ या काळात हा लाभ ८० कोटी गिल्डरांच्या वर गेला. त्यातून नेदरलँड्सचे राष्ट्रीय कर्ज फिटले, लोहमार्ग झाले आणि १८६३ मध्ये सुरिनाममधील गुलामगिरी बंद करताना गुलामांच्या मालकांना नुकसानभरपाईही मिळाली. एका खंडातील वेठीच्या पैशातून दुसऱ्या खंडातील गुलामांच्या मालकांची समजूत घातली गेली. आर्थिक इतिहासात इतका चमत्कारिक हिशेब क्वचितच सापडेल.

राज्यकारभाराची चौकट दुहेरी होती. ‘रेसिडेंट’ हा शब्द मराठी वाचकाला पेशवाईच्या अखेरच्या पर्वापासून परिचित आहे. पुण्याच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट हा परक्या सत्तेचा वकील होता. जावातील डच रेसिडेंट मात्र स्वतःच प्रांताचा प्रमुख असे, आणि त्याच्या हाताखाली जिल्ह्याला साहाय्यक रेसिडेंट असे. त्याच्या बरोबरीने त्याच जिल्ह्यात जुन्या खानदानी घराण्यातील देशी ‘रीजंट’ असे. प्रजा रीजंटला मानी. डच अधिकारी त्याला ‘धाकटा भाऊ’ समजून वागवत. प्रजेला रीजंटच्या जुलुमापासून वाचवण्याची शपथ साहाय्यक रेसिडेंटला घ्यावी लागे, पण रीजंट दुखावला तर प्रांत हातातून जाईल ही भीती वरच्यांना असे. शपथ एका दिशेची आणि सोय दुसऱ्या दिशेची, अशी ही रचना होती. डेकरने पुढे या विसंगतीवरच बोट ठेवले.

जावातील काही नेमणुका, सेलेबिस बेटावरील मेनाडो, नंतर अंबॉन आणि मायदेशी दीर्घ रजा असा प्रवास करून जानेवारी १८५६ मध्ये डेकर जावाच्या पश्चिम टोकाला, बांतेन प्रांतातील लेबाक येथे साहाय्यक रेसिडेंट म्हणून रुजू झाला. जिल्ह्याचे ठाणे रांकासबितुंग. गव्हर्नर-जनरल डॉयमार व्हान ट्विस्ट यांनी ही नेमणूक मुद्दाम त्याला दिली होती. लेबाक हा दरिद्री जिल्हा होता. येथे एक गोष्ट नीट नोंदवली पाहिजे, कारण ती पुष्कळदा गफलतीने सांगितली जाते. लेबाकमध्ये सक्तीच्या पिकांचा भार फारसा नव्हता. तेथील गाऱ्हाणे होते ते रीजंटच्या वेठीचे : बिनमजुरीची कामे आणि मोबदला न देता ओढून नेलेले नांगराचे रेडे. वृद्ध रीजंट राडेन आदिपाती कार्ता नाटानगारा यांचा बडेजाव मोठा आणि उत्पन्न तोकडे होते. त्यांचा जावई, पारांगकुजांगचा देमांग, म्हणजे तालुक्याचा देशी अंमलदार, वसुलीत सर्वांत कठोर होता.

डेकरच्या आधीचा अधिकारी कारोलुस हा नुकताच वारला होता. त्याने ठेवलेल्या टिपणांत याच तक्रारी होत्या, आणि त्याच्या विधवेने नवऱ्यावर विषप्रयोग झाल्याचा संशय डेकरजवळ बोलून दाखवला. त्याच सुमारास चियांजुरचे रीजंट मोठ्या लवाजम्यासह भेटीला येणार म्हणून गावोगावची माणसे वाड्यापुढील पटांगणाचे गवत काढायला जुंपली गेली. डेकरला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही. २४ फेब्रुवारी १८५६ रोजी, रुजू होऊन जेमतेम महिना झाला असताना, त्याने आपला वरिष्ठ रेसिडेंट ब्रेस्ट व्हान केम्पेन यांना पत्र लिहून रीजंटवर सत्तेच्या दुरुपयोगाचा आरोप ठेवला आणि चौकशी निर्वेध व्हावी म्हणून रीजंटला जिल्ह्याबाहेर बोलावून घेण्याची विनंती केली. साक्षीदार त्याच्या सावलीत तोंड उघडणार नाहीत, हे त्याचे म्हणणे होते. रेसिडेंट लगेच धावत आले, प्रकरण मागे घ्या म्हणाले, आणि डेकरने नकार दिला. मार्चअखेर गव्हर्नर-जनरलचे उत्तर आले : कानउघाडणी आणि न्गावी येथे बदली. डेकरने राजीनामा दिला आणि ४ एप्रिलला तो मंजूर झाला. सारे प्रकरण अडीच महिन्यांत आटोपले.

पुढे सरकारनेच चौकशी केली. आरोप बऱ्याच अंशी खरे निघाले. देमांग आणि काही लहान अंमलदार बडतर्फ झाले आणि रीजंटला समज देण्यात आली. म्हणजे फिर्याद बरोबर ठरली आणि फिर्यादी घरी गेला. डेकरने मात्र एक शहाणपण केले होते. बाहेर पडताना त्याने सर्व सरकारी पत्रव्यवहाराच्या नकला बरोबर घेतल्या होत्या.

त्यानंतरची साडेतीन वर्षे दैन्याची होती. युरोपातील जुगारगृहांत नशीब काढण्याचा प्रयत्न झाला आणि अर्थातच फसला. पत्नी एव्हरडीने, घरगुती नाव टीने, दोन मुलांसह नातेवाइकांच्या आश्रयाला होती. १८५९ च्या शरद ऋतूत ब्रुसेल्समधील एका स्वस्त खाणावळीच्या खोलीत बसून डेकरने सुमारे महिनाभरात ‘माक्स हाव्हेलार’ लिहून काढले. नोकरी सोडतानाचा आवेश तीन वर्षांनी पुन्हा उफाळला, तेव्हा त्याच्यापुढे नकलांचे ते गाठोडे होते. हेच गाठोडे कादंबरीच्या रचनेचा पाया झाले, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय.

कथा सुरू होते ती ॲम्स्टरडॅममध्ये, लाउरियरग्राख्ट या कालव्यावरील ३७ क्रमांकाच्या घरात. निवेदक आहे बाटाव्हुस ड्रोखस्टॉपेल नावाचा कॉफीचा दलाल. देवभीरू, हिशेबी आणि कवितेचा मनापासून तिरस्कार करणारा हा गृहस्थ डच साहित्यातील सर्वांत यशस्वी विनोदी पात्र मानला जातो. आडनावाचा अर्थच ‘वाळलेले धसकट’ असा आहे. त्याला रस्त्यात शाळेतला एक जुना सोबती भेटतो. कोट नाही म्हणून त्याने शाल पांघरलेली असते, म्हणून ड्रोखस्टॉपेल त्याला ‘शालवाला’ म्हणतो. शालवाला कागदांचे एक मोठे गाठोडे पाठवून देतो. त्यात कॉफीविषयी काही उपयुक्त सापडेल या आशेने दलाल ते पेढीतील श्टेर्न या तरुण जर्मनाकडे सोपवतो. श्टेर्न लिहीत जातो आणि कॉफीऐवजी लेबाकची कहाणी बाहेर पडते. मधूनमधून दलाल तक्रार करत आपले प्रकरण घुसडतो. शेवटी मुल्तातुली स्वतः लेखणी हातात घेतो, दोन्ही निवेदकांना बाजूला सारतो आणि थेट राजा तिसरा विल्यम याला जाब विचारतो. एकातून एक निघणाऱ्या कथांची रचना पंचतंत्रावर वाढलेल्या वाचकाला नवी नाही. पण येथे बाहेरची चौकट आतल्या कथेची शत्रू आहे, आणि वाचक जो पेला हातात घेऊन पुस्तक वाचतो आहे त्यातली कॉफी त्या शत्रूच्या वखारीतून आलेली आहे.

मधल्या भागात सरकारी पत्रे जशीच्या तशी येतात आणि त्यानंतर सईजा आणि अदिंदा यांची कथा. सईजाच्या बापाचा रेडा हिरावला जातो, पुढचाही जातो. नवा रेडा घेता यावा म्हणून मुलगा तीन वर्षांच्या चाकरीसाठी बटाव्हियाला चालत जातो. वाट पाहणारी अदिंदा भात कांडण्याच्या लाकडावर दर नव्या चंद्राला एक खाच पाडते. तो परततो तेव्हा तिचे घर उठलेले असते. माणसे समुद्रापलीकडे लांपोंगमधील बंडखोरांना मिळालेली असतात. डच सैन्याने जाळलेल्या गावात त्याला तिचे प्रेत सापडते आणि तो संगिनींवर चालून जातो. ही पात्रे कल्पित आहेत हे मुल्तातुली स्वतःच सांगून टाकतो, पण चोरीला गेलेल्या रेड्यांच्या याद्या आपल्याजवळ आहेत असे लगेच बजावतो. भावनेला आकड्यांचा टेकू देण्याची ही सवय हिशेब-तपासणी कचेरीतली असावी, असे मला वाटते.

हस्तलिखित छापले गेले ते याकोब व्हान लेनेप या प्रतिष्ठित कादंबरीकाराच्या खटपटीने. व्हान लेनेप यांना वाङ्मयाची पारख उत्तम होती आणि राजकारणात ते सनातनी होते. डेकरला त्यांनी ५०० गिल्डर दिले आणि पुस्तकावरील हक्काचा कागद आपल्या नावे करून घेतला. नंतर मजकुरातील गावांची आणि व्यक्तींची नावे तोडून तेथे टिंबे घातली आणि साल खोडले. किंमत चार गिल्डर ठेवली, म्हणजे सामान्य माणसाच्या हाती ते पडू नये. आयुष्यभर कागदावर भिस्त ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या ग्रंथाचा करार न वाचता सही केली! त्याने खटला भरला आणि हरला. नावे आणि तारखा परत घालून, तळटीपा जोडून स्वतः सुधारलेली आवृत्ती काढायला त्याला १८७५ पर्यंत थांबावे लागले. मूळ हस्तलिखित १९१० मध्ये सापडले आणि १९४९ मध्ये त्यावरून संपादित संहिता निघाली.

टिंबांनी काही लपले नाही. प्रकाशनाच्याच वर्षी डच संसदेत या पुस्तकाने देश हादरल्याचा उल्लेख झाला. १८६८ मध्ये इंग्रजी अनुवाद आला. योगायोग असा की १८६० मध्येच ढाक्याला दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ नाटक प्रसिद्ध झाले. निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाचे ते चित्र होते. त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याची कैद झाली. डेकरवर असा खटला कोणी भरला नाही. त्याचे कौतुक झाले, शैलीची वाखाणणी झाली आणि मागणी तशीच राहिली. आपले लेखन सुंदर आहे असे कोणी म्हटले की तो संतापत असे.

पुस्तकाने लागवड-पद्धती बंद पाडली असे सरसकट विधान केले जाते. ते अर्धसत्य आहे. १८७० चे शेतजमीन आणि साखर यांविषयीचे कायदे उदारमतवादी भांडवलदारांना जावात शिरकाव हवा होता म्हणूनही झाले. सक्तीची कॉफी तर विसाव्या शतकापर्यंत रेंगाळली. मुल्तातुलीने स्वतः १८६२ च्या पुस्तिकेत ‘मुक्त श्रम’ या उदारमतवादी घोषणेची खिल्ली उडवली होती. मळा सरकारचा असो वा खासगी, राबणाऱ्याला संरक्षण नसेल तर नावात काय, असा त्याचा रोख होता. शिवाय तो वसाहती सोडून द्या असे म्हणत नव्हता. न्यायी डच राज्य ही त्याची मागणी होती आणि तिच्या केंद्रस्थानी त्याला स्वतःला पाहायला आवडे. रॉब न्यूवेनहॉयस या अभ्यासकाने १९८७ मध्ये ‘लेबाकची दंतकथा’ या अर्थाच्या ग्रंथात आक्षेप घेतला की रीजंटला सेवा देण्याची रूढी डेकरला उमगलीच नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण ज्याचा एकुलता एक रेडा गेला त्याला ती रूढी आहे एवढ्याने समाधान लाभत होते काय, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

पत्रकार म्हणून त्याची कामगिरी कमी परिचित आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. १८६६ मध्ये तो जर्मनीत, ऱ्हाईनकाठी, आसऱ्याला होता. त्याचा मित्र, समीक्षक बुस्केन ह्युएट, याने ‘ओप्रेख्ते हार्लेम्स कुरांत’ या पत्रात त्याला काम मिळवून दिले. १६५६ पासून चालत आलेले हे पत्र जगातील सर्वांत जुन्या वृत्तपत्रांपैकी एक. काम असे की जर्मन वृत्तपत्रे वाचून त्यांचा गोषवारा ‘ऱ्हाईनकडून’ या सदरात द्यायचा. स्वतःची मते घालायची नाहीत. मुल्तातुलीला मत न देता राहणे म्हणजे माशाने पाण्याबाहेर राहणे. त्याने युक्ती काढली. ‘माइन्झर बेओबाख्टर’ नावाच्या एका पत्राचे उतारे तो देऊ लागला. हे पत्र विलक्षण निर्भीड होते, बिस्मार्कच्या प्रशियाविषयी रोखठोक बोलत होते, आणि अस्तित्वातच नव्हते. १८६९ पर्यंत हे सदर चालले. पत्रकारितेच्या नीतिशास्त्रात याला क्षमा नाही, हे खरे. तरीही ज्याच्या खऱ्या कागदांवरची नावे दुसऱ्याने खोडली त्यानेच पुढे खोटा कागद उभा करून खरे मत छापून आणले, ही गोष्ट वाचताना हसू येतेच.

त्याच्या इतर लेखनाची विभागणी ढोबळपणेच करता येते, कारण प्रकारांच्या भिंती त्याने मुद्दाम पाडल्या. ‘प्रेमपत्रे’ (१८६१) या नावाच्या पुस्तकात लेबाकची कागदपत्रे आहेत. सर्वांत मोठा उद्योग ‘ईडेएन’, म्हणजे ‘विचार’, हा होय. १८६२ ते १८७७ या काळात सात खंड निघाले आणि क्रमांक दिलेली १,२८२ प्रकरणे झाली. कोठे एका ओळीचे सुभाषित, कोठे दीर्घ निबंध, कोठे बोधकथा. त्यांतच विखुरलेली आहे वाउटर्त्ये पीटर्से या ॲम्स्टरडॅमच्या स्वप्नाळू मुलाची अपुरी कादंबरी, आणि चौथ्या खंडात ‘राजपुत्रांची शाळा’ हे नाटक. ते १८७५ मध्ये रंगभूमीवर आले आणि गाजले. धर्मसंस्थेचा दंभ, स्त्रियांच्या शिक्षणाची आबाळ, मजुरांचे जिणे असे अनेक विषय या खंडांत येतात. माणसे बोलतात तशी डच भाषा लिहावी हा त्याचा आग्रह होता. आजच्या वाचकाला सर्व सात खंड पेलतील असे नाही. तिसऱ्यानंतर पुनरुक्ती जाणवते.

टीने १८७४ मध्ये व्हेनिसला वारली. तिने नवऱ्यापायी काय सोसले, याचा हिशेब टोपणनाव घेताना बहुधा धरलेला नव्हता. पुढच्या वर्षी त्याने मिमी हॅमिंक शेपेल हिच्याशी विवाह केला. नीडर-इंगेलहाइम येथे १९ फेब्रुवारी १८८७ रोजी त्याचे निधन झाले. गोथा येथील दाहगृहात त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले. दहन झालेला पहिला डच माणूस म्हणून त्याची नोंद केली जाते.

वारसा मात्र वाढत राहिला. १९०७ मध्ये एका प्रकाशकाने दहा चांगली पुस्तके विचारली तेव्हा सिग्मंड फ्रॉइडने मुल्तातुलीचे नाव प्रथम घेतले. जावातील स्त्रीशिक्षणाची अग्रदूत कार्तिनी त्याची वाचक होती. त्याच्या भावाचा नातू एर्नेस्ट डाउवेस डेकर हाही पत्रकार. त्याने १९१२ मध्ये ‘इंडिशे पार्टी’ हा पक्ष काढून संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली, म्हणजे चुलत आजोबांनी जेथे पाऊल थांबवले होते तेथून पुढचे टाकले. १९७२ मध्ये एच. बी. यासिन यांनी कादंबरीचा इंडोनेशियन अनुवाद केला. १९७६ चा फॉन्स राडेमाकर्स यांचा चित्रपट मात्र इंडोनेशियात १९८७ पर्यंत दाखवू दिला नाही, कारण त्यात जुलूम करणारा देशी सरदार ठळक होता. १९९९ मध्ये प्रामुद्या अनंता तूर यांनी अमेरिकेतील एका लेखात वसाहतवाद संपवणारे पुस्तक असा ‘माक्स हाव्हेलार’चा गौरव केला.

१९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोतील लहान शेतकऱ्यांची कॉफी रास्त भावाच्या हमीचे चिन्ह लावून विकायला आली. चिन्हाचे नाव ‘माक्स हाव्हेलार’ ठेवले होते, आणि पुढे जगभर रुजलेल्या रास्त-व्यापार चिन्हांची सुरुवात तेथून झाली. ड्रोखस्टॉपेलने ती कॉफी घेतली नसती. ॲम्स्टरडॅममधील जन्मघरात आज संग्रहालय आहे. दुसरे संग्रहालय २०१८ मध्ये रांकासबितुंग येथे उघडले. ज्या गावातून साहाय्यक रेसिडेंट डेकर अडीच महिन्यांत बाहेर पडला, त्या गावात आज एका रस्त्याला मुल्तातुलीचे नाव आहे.